मदतफेरीत ‘अजून थोडं रेटतो’ म्हणणाऱ्यांनो, या चुका टाळा

जळगाव ते तळोदा ही आमची सायकलफेरी दोन दिवसांची असते. पहिल्या दिवशी विदगावच्या पुलावरून तापी ओलांडायची, धानोरा, अडावद, चोपडा करत शिरपूरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी शहाद्यावरून तळोदा. जमणाऱ्या पैशांतून सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमधून पायी शाळेत येणाऱ्या मुलींना सायकली घेतल्या जातात. मी पहिल्या वर्षापासून सगळ्यांच्या मागे चालवतो. माझ्या मागे फक्त सामानाचा टेम्पो. त्यामुळे जो गळतो तो शेवटी माझ्यापाशीच येतो, आणि दर वर्षी त्याच त्या चुकांनी गळालेली माणसं बघून आता खरंच वाईट वाटतं. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘दादा, अजून थोडं रेटतो.’

अरे, काय रेटताय ते तर बघा. थकवा एकच नसतो. पोटात इंधन नाही हा एक थकवा, अंगातलं मीठ गेलं हा दुसरा, ऊन चढलं हा तिसरा, झोप झाली नाही हा चौथा. बूड दुखतंय, मांड्या भरून आल्यात, हाही थकवाच, आणि तेवढा एकच रेटण्यासारखा आहे. बाकीच्यांना थांबून त्यांचं त्यांचं औषध द्यावं लागतं.

चहावर निघणं आणि अडावदपर्यंत शर्यत लावणं

माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती नव्या पोरांचीच असते. पहाटे साडेपाचला जळगावात झेंडा दाखवतात, फोटो होतात, हवेत गारवा असतो, पाय ताजे असतात. पोटात फक्त कपभर चहा. पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, सपाट रस्ता, आणि पोरं सुटतात ताशी तीसने.

एका वर्षी असाच एक कॉलेजचा पोरगा होता. सायकल नवी, तब्येत चांगली, रोज व्यायाम करणारा. अडावदला सगळ्यांच्या आधी पोचला आणि नाश्त्याला न थांबता पुढे गेला. का, तर थांबलं की लय तुटते. चोपडा गेलं, आणि हातेडच्या पुढे एका मोरीच्या कठड्यावर तो मला बसलेला दिसला. सायकल रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली. मी विचारलं, काय झालं? तर माझ्यावरच खेकसला. एरवी अत्यंत नम्र पोरगा. मग बघितलं तर त्याच्या हातात चिक्कीचं पाकीट होतं आणि ते त्याला फोडता येत नव्हतं. बोटं थरथरत होती, कपाळावर गार घाम, आणि दोन मिनिटांनी कारण नसताना डोळ्यांत पाणी. मला म्हणतो, ‘दादा, मला नाही जमणार, मी या लायकीचाच नाही.’

तो लायकीचा नव्हता असं काही नव्हतं. त्याची साखर संपली होती. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो आणि जोरात सायकल मारली तर दीड-दोन तासांत तो तळाला जातो. चरबी भरपूर शिल्लक असते, पण ती हळू जळते, तिच्यावर तीसचा वेग टिकत नाही. मेंदूलाही साखरच हवी असते, म्हणून आधी चिडचिड, मग रडू, मग निराशा. पाय जड होण्याआधी मन जड झालं तर ओळखा की खाल्लेलं नाही.

त्याला मी गुळाचा खडा तोंडात धरायला लावला, मग केळं, मग टेम्पोतल्या थर्मासमधला गोड चहा आणि त्यात बुडवून पाच-सहा बिस्किटं. पंचवीस मिनिटं बसवलं. उठला तेव्हा त्याचा चेहराच बदलला होता. शिरपूरपर्यंत माझ्याबरोबर गप्पा मारत आला.

माझी सवय सांगतो. निघण्याआधी तासभर पोहे किंवा दोन पोळ्या तरी पोटात घालायच्याच. पहिला घास सायकल सुरू केल्यापासून पाऊण तासाच्या आत, भूक लागायच्या आधी. दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात असं धरा. एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असतात, म्हणजे तासाला एक केळं आणि वर शेंगदाण्याची चिक्की. केळीच्या मुलखातून सायकल चालवताय, मग बाहेरून मागवलेली महागडी एनर्जी जेलची पाकिटं कशाला? ती वाईट नाहीत, पण ज्यांनी सरावात कधी खाल्ली नाहीत त्यांच्या पोटाने नेमका फेरीच्या दिवशीच दगा दिलेला मी बघितलाय. आणि वेग? बोलताना पूर्ण वाक्य एका दमात म्हणता आलं पाहिजे. नाही आलं तर गिअर हलका करा. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पार करायची सायकलफेरी, तिच्यात 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे थांबे धरून ताशी पंधरासुद्धा पडत नाहीत. आपण एका दिवसात त्याच्या निम्मं अंतर जातो. घाई कोणाला दाखवायची आहे?

नुसतं पाणी पीत राहणं

‘भरपूर पाणी प्या’ एवढंच ऐकून आलेले लोक दर वळणावर अर्धी बाटली रिचवतात. घामातून मीठ जातं आणि वरून नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, आणि माणूस समजतो की पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पितो. हातमोज्यावर, टी-शर्टवर पांढऱ्या रेघा उमटल्या असतील तर तुमचं मीठ जास्त जातंय. ओआरएस घ्या. मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, ते पाऊण लिटरच्या बाटलीत ओतू नका. पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का ते बघून घ्या. खोक्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. तहान लागेल तसं प्या, ठरवून पोट भरू नका. जानेवारीच्या थंडीत मात्र उलट होतं. तहान लागतच नाही आणि दुपारी डोकं धरतं. तेव्हा घड्याळ बघून दोन-दोन घोट घ्यावेत.

छोट्या वाटणाऱ्या चुका

नवी सीट, नवे बूट, नवी पॅडेड शॉर्ट्स फेरीच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. पॅडेड शॉर्ट्सच्या आत चड्डी घालू नका, शिवणीने कातडी सोलते. सीट खाली ठेवून चालवलं की गुडघे जातात. पाय पॅडलच्या तळाशी असताना गुडघ्यात थोडाच वाक हवा. चोपड्याला दुपारी शेवभाजी दिसली की जीव सुटतो, माझाही सुटतो, पण ती रात्री शिरपूरला खा. तर्री पोटात घेऊन भर दुपारी वाऱ्यात सायकल चालत नाही. कानात गाणी लावू नका, मागून उसाचे ट्रॅक्टर येतात. आणि दुखतंय म्हणून वेदनाशामक गोळी खाऊन पुढे जाणाऱ्यांना मी हात जोडतो. अंगात पाणी कमी असताना त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात, शिवाय दुखणं का होतंय हे सांगणारी खूणच तुम्ही पुसून टाकता.

किलोमीटरमागे पैसे ठरवणं

ही चूक सायकल चालवणाऱ्यांची कमी आणि आमच्यासारख्या आयोजकांची जास्त. पहिली दोन वर्षं आमचा फॉर्म असा होता की देणगीदार किलोमीटरमागे रक्कम लिहायचा. दहा रुपये, वीस रुपये, ज्याची जशी ऐपत. आम्हाला वाटायचं, याने लोकांना हुरूप येईल.

तेव्हा फेरी मार्चमध्ये असायची. दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या दिवशी, शिरपूर सोडून शहाद्याकडे निघालो तेव्हाच ऊन पाठीला चटके देत होतं. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला आणि आम्हाला जायचं पश्चिमेलाच. माझ्या पुढे एक निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. साठीच्या आसपासचे, काटक. बराच वेळ त्यांची सायकल सरळ चालली होती. मग ती पांढऱ्या पट्टीवर डुलायला लागली. मी बाजूला जाऊन विचारलं, ‘नाना, बरं आहे ना?’ ‘बरं आहे.’ पाच मिनिटांनी मी विचारलं, ‘नाना, शिरपूर किती मागे राहिलं?’ तर म्हणाले, ‘शिरपूर अजून यायचंय.’

मी त्यांची सायकल हाताने धरून थांबवली. खाली उतरायला तयार नाहीत. उतरले तर पाय टेकेनात. आणि तोंडाने एकच, ‘माझे पंधरा किलोमीटर राहतील. पोरींचे पैसे राहतील.’ अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. घाम होता अंगावर, हे लक्षात ठेवा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजून पुष्कळ लोक फसतात. सायकल चालवताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. खरी खूण एकच, माणूस भलतंच बोलायला लागतो.

रस्त्यालगत शेत होतं, बांधावर निंब. शेतातली एक बाई धावत आली. म्हणाली, ‘दादा, निजाडा त्यास्ले आठे, सावलीमा.’ नशिबाने त्या वेळी लाइट होती, बोअर चालू होता. तिने स्वतःच पाइप ओढत आणला आणि नानांच्या अंगावर धरला, डोक्यापासून पायापर्यंत. मी त्यांचा टी-शर्ट काढला, हेल्मेट, मोजे काढले. ओला केलेला गमछा मानेला, काखेत, जांघेत. टेम्पोवाल्याने खोक्याच्या पुठ्ठ्याने वारा घातला. 108 ला फोन केला, पण गाडी येईपर्यंत पाणी थांबवलं नाही. कोणीतरी तांब्या घेऊन त्यांना पाजायला आलं, मी अडवलं. शुद्ध धड नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं की ते श्वासनलिकेत जातं. बाहेरून गार करायचं, तेही लगेच, दवाखान्यात पोचायची वाट न बघता. गाडी आली तेव्हा नाना माझं नाव सांगत होते. दोन दिवस दवाखान्यात राहिले आणि बरे होऊन घरी गेले.

त्यांच्या देणगीदारांना मी एकेक करून फोन केला. राहिलेल्या अंतराचे पैसे एकानेही कापले नाहीत. एक जण तर चिडून म्हणाले, ‘मी मुलींसाठी दिलेत, मास्तरांना उन्हात मारायला नाही.’ ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. माणूस स्वतःसाठी थांबेल, पण दुसऱ्यासाठी निघालेला माणूस थांबत नाही, आणि आम्ही तर त्याला किलोमीटरचा भाव लावून दिला होता. त्या वर्षानंतर फॉर्मवर एकरकमी आकडा येतो, फेरी सुरू होण्याआधी पैसे जमा होतात, आणि फेरी जानेवारीत असते. तुम्ही कुठे अशी फेरी काढणार असाल तर कृपा करून किलोमीटरचा हिशोब ठेवू नका. आणि टेम्पोत बसणाऱ्याचं नाव वेगळ्या यादीत लिहू नका. आमच्याकडे सगळ्यांना तोच सदरा, तीच टाळी.

माझा नियम तेव्हापासून साधा आहे. संशय आला की मी तीन प्रश्न विचारतो. आज वार कोणता, मागचं गाव कोणतं, शेवटचं काय खाल्लं. एकाचंही उत्तर चुकलं तर सायकल टेम्पोत चढते. त्यावर वाद होत नाही.

झोप रेटणं

शिरपूरच्या मुक्कामी रात्री बारापर्यंत गप्पा आणि पहाटे चारला उठणं. मग दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला डोळे जड होतात आणि लोक चहावर चहा ढोसतात. चहाने थोडा वेळ तरतरी येते, झोपेची भरपाई होत नाही. सायकलवर दोन सेकंदांची डुलकी लागली तरी तुम्ही डांबरावरून खाली असता, आणि डुलकी लागली होती हे तुम्हाला कळतही नाही. एखाद्या देवळाच्या ओट्यावर वीस मिनिटांचा गजर लावून आडवे व्हा. मी दर वर्षी होतो. त्याहून जास्त झोपू नका, अंग जड होतं.

यावर हमखास उत्तर येतं, की मोठे सायकलपटू रात्र रात्र चालवतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार करायची सायकलशर्यत पूर्ण केली, त्याचं उदाहरण मला अनेकांनी दिलंय. अभिमान मलाही आहे. पण ते दोघांच्या गटात होते. एक चालवायचा तेव्हा दुसऱ्याला विश्रांती, आणि खाणं, पाणी, रस्ता बघायला मागे माणसांचा ताफा. त्यांची जिद्द घ्यायची तर ती शिस्तही घ्या.

आणखी एक, ते कोणी चूक मानतच नाही. तळोद्याला पोचल्यावर हार-सत्कार झाला की काही जण त्याच रात्री मित्राच्या मोटारसायकलवर जळगावला निघतात. सकाळी ड्युटी असते, मला कळतं. तरी ते करू नका. दोन दिवस पायांनी काम केलेला माणूस रात्री हँडल धरायच्या किंवा मागे बसायच्याही अवस्थेत नसतो. आमच्या सायकली टेम्पोतून जातात आणि आम्ही शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपतो. सकाळी मुलींना सायकली वाटायच्या असतात. बहुतेकींना उंची मोठी पडते, म्हणून पाना मी खिशातच ठेवतो आणि एकेकीची सीट खाली करून देतो. मग आम्ही एसटीने परततो.