वॉटरप्रूफिंग झालं, पण गिलावा वाळेना? असं करा

बाथरूमलगतच्या भिंतीचा जुना गिलावा फोडला, वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, वर नवा गिलावा झाला. तीन आठवडे उलटले तरी भिंत काळपट दिसते, हाताला गार लागते. काम फसलं असं लगेच धरू नका. एरवी गिलाव्यातलं थोडं पाणी मागच्या विटा ओढून घेतात. मध्ये वॉटरप्रूफिंगचा थर आला की ती वाट बंद होते आणि सगळं पाणी खोलीच्या बाजूनेच बाहेर पडतं.

आधी पाणीच मारा. सिमेंटच्या गिलाव्यावर पहिले किमान ७ दिवस पाणी मारायचं. लवकर वाळावा म्हणून ते टाळलं, तर बारीक चिरा पडतात, वाळू सुटते. वाळण्याचे दिवस त्यानंतर मोजायचे. १२ ते १५ मिमी थराला महिनाभर तरी धरा, पावसाळ्यात जास्तच. गवंड्याने खड्डा भरायला जिथे जाड थर दिला असेल, तेवढा भाग मागे राहणारच.

मग वारा द्या. कपाट, पलंग भिंतीपासून लांब ओढा. खिडकी उघडून पंख्याचा झोत भिंतीला घासून जाईल असा तिरका लावा. मुंबई-कोकणात जुलैमध्ये मात्र बाहेरची हवाच दमट असते. तेव्हा खिडक्या लावून डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र) किंवा एसीचा ड्राय मोड चालवा. त्या खोलीत कपडे वाळत घालू नका (पावसाळ्यात हे सांगणं सोपं आहे, मान्य). हॅलोजन किंवा हीटर भिंतीसमोर ठेवू नका. वरचा पापुद्रा आधी वाळून तडकतो.

ओल हटतेय का, ते बघा. डागाची कड पेन्सिलीने आखून तारीख टाका. आठवड्याने डाग रेषेच्या आत सरकला असेल तर भिंत वाळतेय, निवांत राहा. रेषेबाहेर पसरला तर पाणी अजून कुठून तरी येतंय. अंघोळी झाल्यावर डाग गडद होत असेल, तर बाथरूमची लाइन तपासून घ्या. तळमजल्यावर फरशीपासून वर आडवा पट्टा दिसत असेल, तर ती बहुधा जमिनीतून चढणारी ओल. या दोन्हींत वाट पाहून उपयोग नाही. डाग स्विचबोर्डाजवळ असेल तर सगळ्यांत आधी इलेक्ट्रिशियन.

रंगाआधी प्लास्टिक लावा. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि एक दिवस ठेवा. आतून थेंब जमले किंवा खालचा गिलावा गडद झाला, तर थांबा. पांढरा लोणा आला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा. ओलं फडकं फिरवलं की क्षार विरघळून पुन्हा गिलाव्यात मुरतात.

रंगारी म्हणेल, ‘प्राइमर मारू, ओल दिसणार नाही.’ दिसणार नाही हे खरं, पण नंतर पोपडे निघतील. ओल्या गिलाव्यावर ऑइल पेंट आणि पीओपी तर नकोच. पीओपी ओलीने मऊ पडतं. घाईच असेल तर बाकीच्या तीन भिंती रंगवून घ्या आणि ही एक दिवाळीपर्यंत उघडी राहू द्या.