चंद्र उगवताना सगळ्यांनी मिळून पाहा

पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, म्हणून त्या दिवशी मी घरच्यांना अर्धा तास आधीच गच्चीवर नेते. पूर्वेकडे मोकळं दिसेल अशी जागा हवी. गच्ची नसेल तर मैदानही चालेल. थकलेल्या माणसासाठी खुर्ची न्या. फोन मात्र घरातच ठेवा. याबाबत मी कडक असते, कारण एकाने काढला की सगळे काढतात.

मग पैज लावा: नेमका कुठून वर येईल? माझी मुलगी दर वेळी ठामपणे बोट दाखवते आणि शेजारची मैत्रीण तिच्याशी हुज्जत घालते. क्षितिजाजवळ चंद्र केवढा तरी मोठा वाटतो. हात लांब करून करंगळीच्या नखाने तो झाका. दोन तासांनी, वर चढल्यावर, पुन्हा झाका. तेवढंच नख पुरतं! आईने पहिल्यांदा हे केलं तेव्हा तिला पटेना; तिने चार वेळा झाकून पाहिला आणि हसत सुटली. तिचं ते हसू अजून माझ्या कानात आहे.

ढग आले तर लगेच उठू नका, गप्पा मारत बसा. दुसऱ्या दिवशी चंद्र सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. तेव्हा जेवणं उरकून पुन्हा वर या.