उंदरांची झोप मोडून हार्मोन मोजताय? मग या चुका टाळा

सतरा वर्षं झाली मला प्रयोगांसाठीची जनावरं ठेवतात त्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, आधी ठाण्यात आणि आता नवी मुंबईत. दरवर्षी पावसाळ्यात एम.फार्म आणि एम.एस्सी.ची नवी मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात आणि त्यातल्या दोघातिघांचा विषय ठरलेला असतो, ताण, झोप आणि हार्मोन. विषय खरंच चांगला आहे, मला स्वतःला फार आवडतो. पण चुका दरवर्षी त्याच होतात आणि प्रत्येक चुकीपायी दहा-वीस जनावरं फुकट जातात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

घड्याळ न बघता रक्त काढणं

ही सगळ्यात मोठी चूक. माणसाचं ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल सकाळी उठायच्या सुमाराला सगळ्यात वर असतं, पुस्तकात तोच ग्राफ असतो आणि मुलं तोच डोक्यात घेऊन येतात. पण रॅट, म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा उंदीर, रात्रीचा प्राणी आहे. त्याचं तेच काम करणारं कॉर्टिकोस्टेरॉन सकाळी लाईट लागल्यानंतर तळाला असतं, दुपारपासून चढायला लागतं आणि लाईट बंद व्हायच्या सुमाराला टोकाला पोचतं. म्हणजे ज्याला कोणी बोटही लावलेलं नाही, जो केजमध्ये निवांत पडलाय, तो रॅटसुद्धा संध्याकाळी सहाला सकाळच्या कितीतरी पट आकडा दाखवणार.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा होता, डोंबिवलीहून ठाण्याला यायचा आणि तिथून ट्रान्सहार्बर पकडून आमच्याकडे. हुशार होता, कष्टाळूही. विस्टार जातीचे २४ रॅट, १२ कंट्रोल (तुलनेसाठी, झोप न मोडलेले) आणि १२ जणांची ७२ तास झोप मोडलेली. रक्त काढायच्या दिवशी पाऊस, लोकल लेट, हा साडेदहाला पोचला आणि कंट्रोल सोपे म्हणून आधी ते उरकून घेतले, मग सेंट्रिफ्यूज, मग जेवण, आणि झोप मोडलेला ग्रुप हातात घेतला साडेतीनला. शेवटच्या रॅटचं रक्त निघालं तेव्हा साडेपाच वाजले होते. आमच्याकडे लाईट सकाळी सातला लागतात, संध्याकाळी सातला जातात. निकाल आला चौपट फरक! गाईड खूश, पोस्टर छापून तयार. मी सहज विचारलं, कुठला रॅट किती वाजता घेतलास रे? वही उघडली तर नुसती तारीख.

मग मी काय केलं, ज्यांना काहीच केलेलं नव्हतं असे सहा रॅट घेतले, सकाळी साडेआठला शेपटीला बारीक छेद देऊन दोन थेंब घेतले, मध्ये दोन दिवस जाऊ दिले आणि त्याच सहांचे परत संध्याकाळी पाचला घेतले. त्या चौपटीतला बराचसा भाग तिथेच सापडला. शिवाय त्याच्या दुसऱ्या ग्रुपचे ७२ तासांचे ७७-७८ तास झाले होते ते वेगळंच. तो मुलगा बाहेर पायरीवर कितीतरी वेळ बसून होता. मला त्याची दया आली, पण त्या २४ रॅटचं जास्त वाईट वाटलं, कारण त्यांचा जीव गेला आणि त्यातून कोणाला काही कळलं नाही. परत एथिक्स कमिटीपुढे जाणं, परत जनावरं मागवणं, चार महिने गेले. दुसऱ्या वेळी तो दोन रात्री नेरुळला मित्राकडे राहिला, आठ ते दहा या वेळातच सगळं घेतलं, एक कंट्रोल, एक झोप मोडलेला, परत एक कंट्रोल असं आलटून पालटून. फरक तेव्हाही आला, पण पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी, आणि तो मी कोणालाही छातीठोकपणे दाखवीन.

माझी सवय सांगते. रक्त फक्त सकाळच्या दोन तासांत. नाही उरकलं तर राहिलेले उद्या, पण एक ग्रुप आज आणि दुसरा उद्या असं नाही, दोन्ही ग्रुपमधले अर्धे अर्धे. आणि ज्याला पहिल्या गाडीने यायला जमणार नाही त्याने आदल्या रात्री इकडेच कुठेतरी राहायचं, लोकलवर भरवसा ठेवून हा प्रयोग होत नाही.

अजून एक, हे हार्मोन रॅटच्या रक्तात साधारण तासातासाच्या लाटांनी येतं. कोण लाटेच्या वर सापडेल आणि कोण खाली हे सांगता येत नाही, म्हणून ग्रुपला चार-चार रॅट घेऊन निष्कर्ष काढू नका.

स्टॉपवॉच उशिरा चालू करणं

ताण जाणवला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच हे हार्मोन, त्याने मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच हे दुसरं आणि त्याने किडनीवरच्या अ‍ॅड्रिनलमधून कॉर्टिकोस्टेरॉन, हा जिना चढायला वेळ लागतो. म्हणूनच पहिल्या तीन मिनिटांत काढलेलं रक्त ‘आधीची’ पातळी दाखवतं, त्यानंतर तुम्ही स्वतःच दिलेला ताण मोजायला लागता आणि तो पंधरा ते तीस मिनिटांत टोकाला जातो. मुलांना तीन मिनिटं पाठ असतात, पण ती मोजतात रॅट हातात आल्यापासून. अरे, केजचं झाकण वाजलं तेव्हाच त्याला कळलंय! घड्याळ झाकणाला हात लागला की चालू.

आणि एका केजमध्ये तिघं असतील तर पहिल्याचा आकडा खाली, तिसऱ्याचा वर, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता माझ्या वहीत त्यासाठी वेगळा कॉलमच आहे, केजमधून कितवा निघाला. आमच्याकडे तिघं तीन माणसं एकाच वेळी काढतात. माणसं नसतील तर त्या दिवशी रक्त काढायचं नाही.

ईथरने बेशुद्ध करून रक्त काढणं अजून काही ठिकाणी चालतं म्हणे. ईथर स्वतःच एसीटीएच चढवतं. विषय संपला.

झोप गेली म्हणून चढलं की पाण्याला घाबरून चढलं?

आपल्याकडे झोप मोडायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे पाण्यातलं कुंडीचं (फ्लॉवरपॉट) तंत्र. टाकीत पाणी, त्यात साधारण साडेसहा सेंटीमीटर व्यासाचा गोल प्लॅटफॉर्म, त्यावर रॅट. आरईएम झोप (स्वप्नांची झोप) लागली की स्नायू सैल पडतात, तोंड पाण्याला लागतं, जाग येते. साधं आहे, काम करतं, म्हणून सगळे हेच करतात. पण त्या रॅटच्या जागी बसून बघा. एकटा आहे, चारी बाजूंनी पाणी, हलायला जागा नाही, अंग ओलं, गारठा. झोप हा त्याच्या अनेक त्रासांपैकी एक त्रास आहे. आणि तुम्ही त्याची तुलना करता कोरड्या बेडिंगवर मित्रांबरोबर झोपलेल्या रॅटशी, आणि शीर्षक देता ‘झोपेच्या अभावाचा हार्मोनवर परिणाम’.

एका मुलीला व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं, बाळ, हा झोपेचा परिणाम की पाण्याचा? तिच्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिसरा ग्रुपच नव्हता. मी तिला डिझाईन करताना सांगितलं होतं की मोठ्या प्लॅटफॉर्मचा ग्रुप घे, तीच टाकी, तेच पाणी, पण रॅट आडवा होऊन झोपू शकेल एवढी जागा. जनावरं वाढतील, वेळ जाईल म्हणून तिने टाळलं. वेळ वाचवायला म्हणून जे टाळता तेच शेवटी तुमचा अख्खा प्रयोग खातं. मोठा प्लॅटफॉर्म सुद्धा शंभर टक्के स्वच्छ कंट्रोल नाही, त्यावरच्या रॅटची झोपही थोडी बिघडतेच, पण निदान पाणी दोघांना सारखं. शिवाय एका टाकीत एकच रॅट ठेवण्यापेक्षा ओळखीचे चार-पाच आणि त्यांच्याहून जास्त प्लॅटफॉर्म ठेवा, म्हणजे एकटेपणा आणि जखडलेपणा दोन्ही कमी होतं.

या प्रश्नावर शिकागोचे झोपेचे संशोधक अ‍ॅलन रेक्टशाफेन यांनी १९८३ मध्ये काय डोकं लावलं ते बघा. पाण्यावर एक चकती, मध्ये भिंत, दोन्हीकडे एकेक रॅट. एकाला झोप लागायला लागली की चकती फिरते, दोघांनाही चालावं लागतं. पण दुसरा, पहिला जागा असताना झोपू शकतो. चालणं दोघांना सारखं, पाणी सारखं, फरक फक्त झोपेचा. त्यांच्याकडे पूर्ण झोप मोडलेले रॅट साधारण दोन-तीन आठवड्यांत मरायला लागले, जास्त खाऊनही वजन घटत गेलं, थायरॉईडचं हार्मोन थायरॉक्सिन खाली आणि ताणात वाढणारं नॉरएपिनेफ्रिन वर. तसा प्रयोग आज करावा असं मी अजिबात म्हणत नाही, पण कंट्रोल कसा विचार करून ठरवायचा हे त्यातून शिका.

याच्या उलट बाजूही आहे. २००६ मध्ये मेंदूच्या संशोधक एलिझाबेथ गूल्ड यांच्या गटाने ७२ तास झोप मोडली तेव्हा रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा आठवणींशी संबंधित भाग) नव्या पेशी बनणं कमी झालं, पण अ‍ॅड्रिनल काढून कॉर्टिकोस्टेरॉन खालच्या पातळीला स्थिर ठेवलं तेव्हा ती घट दिसली नाही. म्हणजे झोपेचा म्हणून जो परिणाम आपण सांगतो त्यातला काही ताणाच्या हार्मोनमार्फतच येतो. दोन्ही एकमेकांत गुंतलेत, म्हणूनच आधी डिझाईन आणि मग टाकी.

मला विचाराल तर पहिल्याच प्रयोगाला पाणी नको. सकाळी सहा तास केजशेजारी बसा, डोळे मिटायला लागले की केज हलकेच टकटक करा, नवीन वस्तू आत टाका, कागदाचा बोळा, लाकडाचा तुकडा. कंटाळवाणं आहे, मोबाईल बघत होत नाही, पण त्या सहा तासांत रॅट कसा झोपतो ते जे कळतं ते पुढे आयुष्यभर पुरतं.

बाकीच्या, भराभर

रॅट आणि माईसमध्ये (लहान उंदरांत) ताणाचं मुख्य हार्मोन कॉर्टिकोस्टेरॉन, कॉर्टिसॉल नाही, कारण त्यांच्या अ‍ॅड्रिनलमध्ये त्यासाठी लागणारं एन्झाइमच नसतं. माणसाचं कॉर्टिसॉल मोजायचं किट स्वस्तात मिळालं म्हणून लावलंत तरी ते काहीतरी आकडा देईलच, क्रॉस रिअ‍ॅक्शनचा, म्हणजे किटने दुसऱ्याच हार्मोनला कॉर्टिसॉल समजून दिलेला. गिनीपिगला मात्र कॉर्टिसॉलच.

झोप मोडलेल्या रॅटला टाकीतून काढून रक्ताची तयारी करत बसू नका, तो तिथल्या तिथे झोपतो.

मादी घेतलीत तर रोज सकाळी व्हजायनल स्मिअर (योनीतल्या पेशींची तपासणी), माजाचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं आणि प्रोएस्ट्रसमध्ये, म्हणजे माजावर येण्याआधीच्या टप्प्यात, कॉर्टिकोस्टेरॉन आधीच वर असतं. कटकट नको म्हणून मादीच टाळायची हे मला पटत नाही.

सी५७ ब्लॅक सिक्स जातीच्या माईसमध्ये मेलाटोनिन (रात्री वाढणारं हार्मोन) मोजायला निघाला असाल तर थांबा, या जातीत ते जवळजवळ बनतच नाही.

जनावरं आली की निदान आठवडाभर नुसती राहू द्या. माईस शेपटीने उचलू नका, नळी किंवा ओंजळ वापरा. केज बदलायचा दिवस आणि रक्ताचा दिवस एक नको. रात्री लाईट बंद असण्याच्या वेळात कोणी मोबाईलचा टॉर्च घेऊन आत गेलं तर ते वहीत आलंच पाहिजे, जनावरांची देखभाल करणारे आमचे काका हे न सांगता लिहितात, मुलं लपवतात.

आवाजाचं तर नवी मुंबईत विचारूच नका, शेजारच्या प्लॉटवर पायलिंग, मग दहीहंडी, मग गणपतीचे ढोल. आणि रॅटला आपल्याला न ऐकू येणारंही ऐकू येतं, आपण २० किलोहर्ट्झला संपतो, तो ८० च्या आसपास जातो, गळता नळ किंवा जुना मॉनिटरसुद्धा पुरतो. मी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताणाचा प्रयोग लावूच देत नाही.

एका पेपरचा आकडा नॅनोग्रॅममध्ये आणि दुसऱ्याचा नॅनोमोलमध्ये असेल तर आधी बदलून घ्या, १ नॅनोग्रॅम प्रति मिली कॉर्टिकोस्टेरॉन म्हणजे सुमारे २.८९ नॅनोमोल प्रति लिटर. आणि किटच्या एका प्लेटवर सगळे कंट्रोल, दुसरीवर सगळे टेस्ट असं कधीही लावू नका.

शेवटचं, दीर्घ ताणाच्या प्रयोगात फक्त रक्तावर विसंबू नका, शेवटच्या दिवशी कॉर्टिकोस्टेरॉन अगदी नॉर्मल येऊ शकतं. ताणाचे संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये जे बघितलं ते आजही बघा, अ‍ॅड्रिनल वाढलंय का आणि छातीतली थायमस ग्रंथी आकसलीय का. पण वजन नीट करा. अ‍ॅड्रिनल किडनीच्या वर चरबीत दडलेलं असतं, फिकट गुलाबी, लहान वाटाण्याहून बारीक, दोन्ही मिळून ५० मिलिग्रॅमच्या आसपास. त्याला ५ मिलिग्रॅम चरबी चिकटून राहिली की १० टक्के वाढ झालीच! सलाईनने ओलसर केलेल्या फिल्टर पेपरवर, भिंगाखाली, बारीक चिमट्याने चरबी सोडवा, टिपा आणि लगेच वजन करा, पंख्याखाली ठेवून दुसरा रॅट उघडायला गेलात तर ते सुकतं. डावं आणि उजवं वेगळं लिहा, डावं थोडं जड असतंच.