मंकी आयलंड: जुने-नवे भाग कुठल्या क्रमाने, कशावर आणि कसे खेळावेत

गायब्रश थ्रीपवुड या होतकरू चाच्याची, कोडी सोडवत पुढे जायच्या संगणक खेळांची ही मालिका १९९० साली सुरू झाली. मुख्य भाग सहा: द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड (१९९०), लेचक्स रिव्हेंज (१९९१), द कर्स (१९९७), एस्केप (२०००), पाच प्रकरणांत आलेला टेल्स (२००९) आणि रिटर्न टू मंकी आयलंड (२०२२). सगळे खेळलेच पाहिजेत असं नाही, पण रिटर्नने सुरुवात करू नका. तो दुसऱ्या भागाच्या शेवटाला धरूनच उघडतो. पहिले दोन न खेळता त्यात शिरलात तर निम्म्या गंमती डोक्यावरून जातील. वेळ कमी असेल तर १, २ आणि रिटर्न एवढं पुरे. तिसरा, म्हणजे कर्स, मात्र सोडवत नाही. हाताने रंगवलेली चित्रं आजही ताजी वाटतात.

पहिले दोन भाग

गॉग किंवा स्टीम या ऑनलाइन खेळ-दुकानांत आज मिळते ती २००९ आणि २०१० ची स्पेशल एडिशन. त्यात एफ१० दाबलं की नवं चित्र जाऊन जुनं येतं, पुन्हा दाबलं की नवं. खेळ जिथे होता तिथेच राहतो. एक फरक ध्यानात ठेवा: पहिल्या भागात जुन्या चित्रांवर गेलात की पात्रांचे आवाज बंद होतात, दुसऱ्या भागात ते चालू ठेवता येतात. अडलात तर एच दाबा, इशारा मिळतो.

निखळ जुना खेळ हवा असेल तर स्कमव्हीएम हा जुने खेळ आजच्या यंत्रांवर चालवणारा मोफत प्रोग्रॅम घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे चालतो. तो खेळ पुरवत नाही, खेळाच्या फाइल्स तुमच्याकडे असाव्या लागतात. पहिल्या भागाच्या मंकी.००० आणि मंकी.००१, दुसऱ्याच्या मंकी२.००० आणि मंकी२.००१. फाइल्स एका फोल्डरमध्ये ठेवा, 'ॲड गेम' दाबून ते फोल्डर दाखवा. स्पेशल एडिशनमध्ये या फाइल्स मोठ्या पाक फाइलच्या पोटात असतात. स्कमव्हीएमची ताजी आवृत्ती घेऊन आधी ते फोल्डर थेट देऊन पाहा. ओळखलं नाही, तर पाक फाइल उघडणाऱ्या टूलने आतल्या फाइल्स बाहेर काढाव्या लागतात.

मग ग्राफिक्समध्ये जाऊन 'आस्पेक्ट रेशो करेक्शन' चालू करा. मूळ चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, पण तेव्हाच्या ४:३ पडद्यावर ते उभं ताणलं जायचं. हे बंद राहिलं तर सगळी पात्रं बुटकी आणि जाडी दिसतात.

संगीत वाजत नसेल तर बहुतेक वेळा कारण एकच. पहिल्या भागाच्या सीडी आवृत्तीत संगीत डेटा फाइलमध्ये नसून सीडीच्या ऑडिओ ट्रॅकवर होतं. फक्त फाइल्स कॉपी केल्यात तर संवाद दिसतात, संगीत गप्प. ट्रॅक ओजीजी किंवा फ्लॅक या प्रकारच्या ध्वनी फाइल्समध्ये काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. दुसऱ्या भागाचं संगीत रोलँड एमटी-३२ या जुन्या संगीत-यंत्रावर सगळ्यात सुंदर वाजतं. स्कमव्हीएममध्ये त्याचं इम्युलेशन, म्हणजे हुबेहूब नक्कल, आहे, पण त्या यंत्राच्या मेमरीतून काढलेल्या दोन रॉम फाइल्स लागतात. नसल्या तर ॲडलिब (जुन्या साउंड कार्डचा आवाज) निवडा, बिघडत काही नाही.

खेळताना पूर्णविराम दाबला की एक वाक्य पुढे सरकतं, एस्केपने प्रसंग टळतो, कंट्रोल आणि एफ५ ने सेव्हचा मेनू येतो. सारखं सेव्ह करायची गरज नाही. या खेळांत अडकून पडण्याजोगी वाट ठेवलेलीच नाही. पहिल्या भागात गायब्रश खरोखर मरू शकतो तो एकाच ठिकाणी: तो दहा मिनिटं श्वास रोखू शकतो म्हणतो, आणि पाण्याखाली तुम्ही त्याला त्याहून जास्त वेळ ठेवलंत तर.

आपली खरी अडचण: इंग्रजी म्हणी

कोडी सुटत नाहीत म्हणून वैतागणाऱ्यांची बुद्धी कमी पडत नसते. अनेक कोडी इंग्रजी वाक्प्रचारांवर उभी आहेत आणि मराठी घरात ते वाक्प्रचार कुणी बोलत नाही.

पहिल्या भागात पुलावरचा राक्षस अशी वस्तू मागतो जी महत्त्वाची वाटते पण उपयोगाची नसते. इंग्रजीत दिशाभूल करणाऱ्या दुव्याला 'रेड हेरिंग' म्हणतात, म्हणून त्याला द्यायचा तो लाल मासा. मासा स्कम बारच्या स्वयंपाकघरामागच्या धक्क्यावर आहे, त्यावर समुद्रपक्षी बसलेला. सैल फळीवर पुन्हा पुन्हा चाला, पक्षी उडाला की लगेच मासा उचला. त्याच स्वयंपाकघरातलं पातेलंही घ्या. सर्कशीत तोफेतून उडण्यासाठी तेच शिरस्त्राण होतं, आणि त्याचे ४७८ नाणी मिळतात. त्यातली १०० तलवारीला, ३० कॅप्टन स्मर्कच्या शिकवणीला जातात.

तलवारबाजी म्हणजे टोमणेबाजीच. रस्त्यावर चाचे भेटतात. पहिल्या काही लढतींत हरायला लाजू नका. त्यांचा टोमणा ऐकलात की तो तुमच्या यादीत येतो, तोच दुसऱ्या चाच्यावर टाकलात की त्याचं उत्तर कळतं. दोन्ही वहीत लिहून ठेवा. तलवारबाज कार्ला वेगळेच टोमणे मारते, पण उत्तरं तीच चालतात. त्यामुळे उत्तर पाठ असून भागत नाही, त्यातला श्लेष कळायला हवा. तिचं घर सापडत नसेल तर दुकानदाराला तिच्याबद्दल विचारा आणि तो निघाला की जंगलापर्यंत त्याच्या मागोमाग राहा.

दुसऱ्या भागातलं कोडं तर आपल्यावर अन्यायच आहे. फॅट आयलंडवरचा धबधब्याचा पंप फिरवायला पाना हवा. अमेरिकेत ॲडजस्टेबल पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात, तेव्हा तिथे माकडच पान्यासारखं वापरायचं! स्कॅब आयलंडवरच्या ब्लडी लिप बारमध्ये पियानोवरच्या मेट्रोनोमला, म्हणजे ताल देणाऱ्या यंत्राच्या हलत्या काट्याला, केळं लावा, तिथलं पियानो वाजवणारं माकड त्याकडे बघत गुंगतं, मग उचला. आपण 'पाना' किंवा 'स्पॅनर' म्हणणारे लोक, हे सुचणार कसं? इथे सरळ उत्तर पाहण्यात काही कमीपणा नाही. तिसऱ्या भागात समुद्रावरच्या लढाईत टोमण्याला यमक जुळणारंच उत्तर द्यावं लागतं, तेव्हा अर्थापेक्षा शब्दाचा शेवट ऐका.

पुढचे भाग

एस्केप त्रिमितीय आहे आणि माऊस चालत नाही. बाणांनी चालायचं, पेज अप आणि पेज डाउनने समोरची वस्तू निवडायची. शेवटाकडे माकडांची कुस्ती येते: पाच पवित्रे, प्रत्येक पवित्रा दोघांना हरवतो आणि दोघांकडून हरतो. एका पवित्र्यातून दुसऱ्यात जायला तीन आरोळ्यांचा क्रम लागतो, आणि तो प्रत्येक नव्या खेळात बदलतो. म्हणून दुसऱ्याची उत्तरं कामाची नाहीत. कागदावर पाच बिंदू काढा, जोडणाऱ्या दहा रेघांवर ऐकलेला क्रम लिहीत जा. चार-पाच लढतींत चित्र भरतं.

रिटर्नमध्ये सुरुवातीला सोपी किंवा कठीण पातळी विचारतात. जुने भाग खेळून आला असाल तर कठीणच घ्या, सोपीत कोडी फार पातळ होतात. सेटिंग्जमधला 'रायटर्स कट' चालू केला की संवाद लांबतात. इंग्रजी वाचायला वेळ लागत असेल तर बंद ठेवा. व्हूडू लेडी या जादूटोणा करणाऱ्या पात्राकडून इशाऱ्यांचं पुस्तक मिळतं. ते एकदम उत्तर सांगत नाही, पायरीपायरीने सोडतं. एक पान वाचून पुस्तक मिटा आणि बेटावर एक चक्कर मारून या, बहुतेकदा पुढचं पान लागत नाही.