जास्वंदीच्या कागदावर ओढ्याचा नकाशा

सहावी-सातवीसाठी चित्रकला आणि विज्ञानाच्या तासिका लागोपाठ ठेवाव्यात. जास्वंदीच्या लाल पाकळ्या कोमट पाण्यात भिजवून, रंग उतरल्यावर पाणी गाळून घ्यावे आणि त्यात जाड चित्रकागद बुडवून सावलीत वाळवावा. त्यावर मुलांनी पेन्सिलीने गावच्या ओढ्याचे चित्र काढावे. धुण्याची जागा, गोठा आणि सांडपाण्याची गटारे प्रत्यक्षात जेथे आहेत तेथेच दाखवावीत, हा आग्रह मात्र सोडू नये, कारण या चित्राचा नकाशाही व्हायचा आहे.

शिक्षकांनी त्या त्या ठिकाणाहून आणलेल्या पाण्याचा थेंब चित्रातील त्याच जागी कुंचल्याने सोडावा. तुलनेसाठी कोपऱ्यात लिंबाचा रस आणि धुण्याच्या सोड्याचे द्रावण लावावे: आम्लाने कागद गडद गुलाबी होतो, आम्लारीने हिरवा. साबणाचे पाणी मिसळते तेथे हिरवट छटा उमटू शकते. ते फार विरळ झाले असेल तर काहीच दिसणार नाही, आणि मुलांनी तेही प्रामाणिकपणे नोंदवावे. रंग बदलला नाही म्हणजे पाणी पिण्यायोग्य आहे, असा समज मात्र होऊ देऊ नये, कारण जंतू या कागदाला कळत नाहीत. प्रदर्शनासाठी चित्र नंतर जलरंगांनी सजवण्याचा मोह (तो शिक्षकांनाच अधिक होतो) टाळावा.