पुरस्कारासाठी भाग निवडताना

नाशिकहून मुंबईत मालिकांच्या संकलनासाठी जाणारी मुले-मुली गंगापूर रोडवरच्या आमच्या एडिट रूममध्ये भेटायला येतात, तेव्हा पुरस्कारांविषयी मी त्यांना आधी एकच गोष्ट विचारायला सांगतो: निकाल कोण ठरवणार आणि ते काय पाहून ठरवणार?

वाहिनीच्या स्वतःच्या सोहळ्यात स्पर्धा त्याच वाहिनीच्या मालिकांमध्ये असते आणि लोकप्रिय विभागांचा कौल बहुतांशी प्रेक्षकांच्या मतांवर लागतो. तिथे संकलकाच्या हाती फारसे काही नाही. परीक्षक असलेल्या पुरस्कारांचे गणित वेगळे. अमेरिकेच्या प्राइमटाइम एमी या टेलिव्हिजन पुरस्कारांत संकलकाला नामांकन मिळते ते संकलकांच्याच मतांनी. अंतिम विजेते पूर्वी छोट्या समित्या निवडत. २०१५ पासून त्या शाखेचे, म्हणजे इथे संकलकांचे, पात्र सदस्य नामांकित साहित्य पाहून मत देतात. ब्रिटनच्या बाफ्टा टेलिव्हिजन पुरस्कारांत शेवटचा निर्णय ज्युरी चर्चेनंतर घेते. पद्धती निरनिराळ्या असल्या तरी परीक्षकासमोर वर्षभराची मेहनत नव्हे, तर पाठवलेला नमुनाच असतो.

दैनंदिन मालिकेला हे फार जाचते. शेकडो भागांतून एक काढायचा म्हटले की निर्मितीसंस्थेचा कल लग्नाच्या किंवा अपघाताच्या महाएपिसोडकडे असतो, कारण त्याला टीआरपी मिळालेला असतो. संकलनाच्या विभागासाठी मी सहसा त्याच्या विरुद्ध सल्ला देतो. एका मालिकेच्या प्रवेशिकेसाठी आम्ही जेवणाच्या पंगतीचा भाग निवडला होता: सासू वाढते आहे, सून मान खाली घालून भात कालवते आहे आणि धाकट्या दिराला सगळे ठाऊक आहे, हे केवळ त्याच्या थांबलेल्या घासावरून कळते. तो घास किती वेळ थांबवायचा, हेच संकलन. प्रत्येक चेहऱ्यावर तीन-तीनदा झूम आणि ढॅण्ढॅण् संगीत असलेल्या भागात हे कौशल्य दिसणार कुठे?

परीक्षकाला मागची कथा ठाऊक नसते, म्हणून नियमांत बसत असेल तर रीकॅप, म्हणजे आधीच्या भागांचा सारांश, ठेवावा, नाहीतर स्वतःच्या पायावर उभा राहणारा भाग शोधावा. परभाषिक परीक्षक असतील तर सबटायटल्स कसून तपासावीत. ‘दिल्ली क्राइम’ला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी मिळाला, तेव्हा त्यातले हिंदी संवाद अनेक परीक्षकांपर्यंत सबटायटल्समधूनच पोहोचले असणार. आणि अर्जातले आपले नाव श्रेयनामावलीशी अक्षरशः जुळते ना, हे अर्ज जाण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, कारण आपल्यासाठी ते दुसरे कोणी पाहत नाही.