बाहेर पडल्याचा शिक्काच नव्हता, तेव्हा

शेंगेन देशांत (आपसांत सीमेवर तपासणी न करणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात) पुन्हा शिरताना अधिकाऱ्याने पासपोर्ट उलटसुलट चाळून विचारलं, "मागच्या वेळी बाहेर पडल्याचा शिक्का कुठे आहे?" तो मारलाच गेला नव्हता. कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, त्यात आल्या-गेल्याचे दिवसही धरतात. शिक्का नाही म्हणजे मी गेलोच नाही, असा त्याचा हिशेब!

बाजूला बसवलं. वाद घातला नाही. तिथे आवाज चढवला की प्रकरण लांबतंच. शेंगेन सीमा संहितेचं कलम 12 मला ठाऊक होतं: शिक्का नसेल तर जादा मुक्काम गृहीत धरता येतो, पण तिकीट किंवा बाहेर असल्याचा विश्वासार्ह पुरावा देऊन ते खोडता येतं. जुना बोर्डिंग पास काढला, त्यावर त्याने फारसं लक्ष दिलं नाही (बोर्डिंग पास घेऊनही माणूस मागे राहू शकतो, हेही खरंच). मायदेशी परतल्याचा शिक्का दाखवला तेव्हा मात्र तो थांबला. तारखा जुळवल्या. मी बाहेर पडल्याची तारीख आणि ठिकाण पासपोर्टात नोंदवून द्यायची विनंती केली, तीही त्याने मान्य केली.

ऑक्टोबर 2025 पासून तिथे शिक्क्यांऐवजी टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉनिक नोंद सुरू झाली. तरी बोर्डिंग पासचे फोटो मी ठेवतोच.